‘नामुना’ नौकेवरची मंडळी : एका चित्राचा ताळेबंद

श्रीमंत घरच्या माणसांचे चित्र पाहताना नजर आधी कपड्यांवर जाते. ज्यूलियस स्ट्यूअर्ट यांच्या ‘ऑन द यॉट नामुना, व्हेनिस’ या १८९० सालच्या तैलचित्राचेही तसेच होते. खासगी नौकेच्या डेकवर उंची पोशाखातील स्त्री-पुरुष निवांत बसले आहेत. कोणी खुर्चीत रेलले आहे, कोणी गप्पांत रंगले आहे. फोटोसाठी ओळीने उभे राहिल्याचा अवघडलेपणा कोठेच नाही. सहा फुटांहून अधिक रुंदीचे हे चित्र आज अमेरिकेत हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात आहे.

नौका होती जेम्स गॉर्डन बेनेट (धाकटे) यांची. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वृत्तपत्राचे हे मालक. आफ्रिकेत लिव्हिंग्स्टन यांचा शोध घ्यायला स्टॅन्ली यांना पाठवणारे तेच. वाफेवर चालणारी ‘नामुना’ त्यांनी १८८२ मध्ये बांधून घेतली आणि तिच्यावर ते पाहुण्यांची सरबराई करीत.

चित्रकारही याच वर्तुळातले. स्ट्यूअर्ट यांचा जन्म १८५५ चा, फिलाडेल्फियाचा. वाढले मात्र पॅरिसमध्ये. वडील विल्यम स्ट्यूअर्ट मोठे चित्रसंग्राहक होते. पोटासाठी चित्रे विकण्याची वेळ मुलावर आली नाही, म्हणून आपल्याच मित्रमंडळींचे जग तो आतून रंगवू शकला. बाहेरून बोलावलेल्या चित्रकारासमोर माणसे इतकी सैल बसत नाहीत.

आम्ही आयुष्यभर बँकेत ताळेबंद वाचले. मालमत्तेची बाजू कितीही भरघोस दिसली, तरी समोरची देण्यांची बाजू पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय जात नाही. या चित्रात मालमत्ता दिसते : नौका, रेशीम, निवांत दुपार. देण्यांची बाजू चौकटीबाहेर आहे. वडिलांची संपत्ती क्यूबातील ऊसमळ्यांची आणि साखरेची. क्यूबात गुलामगिरी संपली १८८६ मध्ये, म्हणजे हे चित्र रंगवण्याच्या अवघी चार वर्षे आधी. डेकखाली बॉयलरमध्ये कोळसा टाकणारी माणसेही आपल्याला दिसत नाहीत.

म्हणून हे चित्र खोटे ठरते का? आमच्या मते नाही. स्ट्यूअर्ट यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे, मोठ्या कौशल्याने रंगवले. पण चित्र सुंदर आहे आणि चित्र पूर्ण आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा आनंद घ्यावा आणि दुसरीची चौकशीही करावी.

आपल्या बडोद्यात याची सवय लावून घेण्याची चांगली सोय आहे. महाराजा सयाजीरावांनी जमवलेली युरोपीय तैलचित्रे कमाटीबागेतल्या संग्रहालयात आहेत. नातवंडांना घेऊन गेलात, तर प्रत्येक चित्रापाशी तीन प्रश्न विचारायला शिकवा : हे कोणी काढून घेतले? पैसा कोठून आला? चौकटीत कोण नाही?

हेच प्रश्न आपल्या घरच्या आणि मंडळाच्या जुन्या सामूहिक फोटोंनाही लागू आहेत. पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांचे नाव सर्वांना आठवते. सतरंज्या घालणारे, पंगतीला वाढणारे, हिशेब लिहिणारे बहुधा फोटोत नसतात. असले तरी त्यांची नावे कोणी टिपून ठेवलेली नसतात. ती सांगू शकणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारून फोटोच्या मागे पेन्सिलने नावे लिहून ठेवावीत, एवढीच विनंती.