वीस तारीख

सकाळी ६.३०
आज २० जुलै. सांगलीत रात्रभर पाऊस झाला, अंगणात अजून चिखल आहे. चहा उकळेपर्यंत मी यादी काढते. जून महिन्याचं जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची आज शेवटची तारीख, आणि माझ्या चौदा ग्राहकांचं बाकी आहे. यातला बहुतेक वर्ग सेवा देणारा: क्लासवाले, एसी दुरुस्तीवाले, फोटोग्राफर. त्यांच्याकडे गोदाम नाही, मोजायला माल नाही. त्यामुळे कर किती झाला, हे त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. दिसतो तो खात्यात आलेला पैसा, आणि तो सगळा आपलाच वाटतो.

सकाळी ९.००
ऑफिस उघडलं. मदतनीस मुलगी टू-बी आणि खरेदीची बिलं शेजारी ठेवून टिक करत बसली आहे. टू-बी म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांचा उतारा, दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर येतो. एसीवाल्या दादांचं एक बिल त्यात नाही. कॉम्प्रेसर घेतलेत, त्यावरचा कर १८,००० रुपये.

दादांना फोन लावला. यंदा अधिक महिन्यामुळे वारी उशिरा आली, ते दिंडीत चालत आहेत.

“ताई, बिल माझ्या फाइलला आहे. पैसेसुद्धा चुकते केलेत.”

“खरंय दादा. पण त्या दुकानदारानं अकरा तारखेपर्यंत त्याच्या विक्रीचं आर-वन रिटर्न भरलं नाही. तो भरेल तेव्हा आपल्याला या कराचं क्रेडिट मिळेल. आज ते १८,००० तुमच्या खिशातून जाणार.”

पलीकडे टाळ वाजत होते. “भरा,” म्हणाले, “पण पुढं काय करू?” मी सांगितलं, पुढच्या वेळी बिलातली कराची रक्कम हातात राखा, बिल टू-बीत दिसलं की मग सोडा.

सकाळी ११.१५
क्लासचे सर आले, आणि आजचा खरा पेच समोर बसला. जूनमध्ये ४० मुलांची वर्षाची फी एकदम जमा झाली. प्रत्येकी ५९,०००, त्यात ५०,००० फी आणि १८ टक्क्यांनी ९,००० कर. म्हणजे ३ लाख ६० हजार कर. बाकं, छपाई यांचं ६० हजार क्रेडिट वजा जाता ३ लाख भरायचे. खात्यात दीड लाख आहेत. बाकीचे नव्या हॉलच्या डिपॉझिटला गेले.

“मॅडम, शिकवणार वर्षभर, मग कर आत्ताच का?”

मालाच्या आगाऊ रकमेवर लगेच कर नसतो, सेवेच्या आगाऊ रकमेवर असतो. पैसे ज्या महिन्यात आले, त्या महिन्यात कर. शिवाय त्यांच्या हॉलचा मालक जीएसटीत नोंदलेला नाही. त्यामुळे, १० ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमानं, अशा भाड्यावरचा कर भाडेकरूनं भरायचा, रिव्हर्स चार्जमध्ये. भाडं ४०,०००, कर ७,२००. तो आधी रोखीनंच भरावा लागतो, क्रेडिटमधून नाही. भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं.

“उशीर झाला तर?”

वर्षाला १८ टक्के, म्हणजे ३ लाखांवर दिवसाला सुमारे १४८ रुपये व्याज, वर ५० रुपये रोजचं विलंब शुल्क. आकडा ऐकून त्यांचा जीव जरा भांड्यात पडला, आणि मला त्याचीच भीती वाटते. “परवडतंय” म्हणून माणूस एक महिना थांबतो, मग दुसरा. मी म्हटलं, “सर, हे ९,००० पालकांनी सरकारसाठी तुमच्या हातात दिलेत. तुम्ही पोचवणारे.” ते गप्प झाले, मग मेहुण्यांना फोन लावायला बाहेर गेले.

दुपारी १.३०
डबा खाता खाता पार्लरवाल्या ताई आल्या. वर्षाची उलाढाल १९ लाखांवर पोचली. सेवेसाठी मर्यादा २० लाख. ओलांडली की ३० दिवसांत नोंदणी. पार्लरच्या सेवेला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे, पण खरेदीचं क्रेडिट मिळत नाही. “मग नव्या खुर्चीवरचा १८ टक्के?” तो खर्चातच धरायचा, आणि दर ठरवताना आत्ताच धरायचा.

दुपारी ३.००
जरा सवड. मी या कामाला लागले तेव्हा सेवाकर होता. १९९४ मध्ये टेलिफोन, शेअर दलाल आणि सर्वसाधारण विमा या तीनच सेवांवर ५ टक्क्यांनी तो सुरू झाला. २०१७ च्या १ जुलैला जीएसटीत मिसळला तेव्हा उपकरांसह १५ टक्के होता. रिटर्न सहामाही असायचं. आता दर महिन्याला हिशेब, पण चूक लवकर सापडते, हे मी रोज पाहते.

दुपारी ४.४०
सरांचे पैसे आले. चलन काढलं, नेट बँकिंगनं भरलं, कॅश लेजरमध्ये रक्कम उमटली. त्यांनी ओटीपी सांगितला आणि पावती क्रमांक वहीत उतरवून घेतला. जाताना म्हणाले, “फी घेतानाच दुसऱ्या खात्यात टाकतो यापुढं.”

संध्याकाळी ६.५०
पोर्टलचं चक्र फिरतंय, आज सगळा देश त्यावर आहे. दादांचा ओटीपी हवा आणि फोन लागेना. तिसऱ्या प्रयत्नाला लागला. मुक्कामी पोचले होते. कीर्तनाच्या आवाजात त्यांनी सहा आकडे एकेक करून सांगितले, मी परत म्हणून खात्री केली.

रात्री ९.१०
चौदाव्यापुढे टिक. मुलगी मघाशीच गेली. बंद करण्याआधी माझं एक काम उरतं. आज फोटोग्राफरनं माझी फी पाठवली, ५,९००. त्यातले ९०० मी वेगळ्या खात्यात वळवते. सेवा मीही देते, आणि ते ९०० माझे नाहीत. मग दिवा मालवते.