संगणकातील दोषाचा अहवाल

संगणकाच्या आज्ञावलीतील चुकीला ‘बग’ किंवा दोष म्हणतात. ज्या आज्ञावलीचा मूळ संकेत कोणालाही वाचता, तपासता व सुधारता येतो, तिला मुक्तस्रोत आज्ञावली असे नाव आहे. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस ही तिची परिचित उदाहरणे होत. अशा आज्ञावलीतील दोष पुष्कळदा वापरणाऱ्याच्याच दृष्टीस प्रथम पडतो. म्हणून तो नीट कळवणे हाही तिच्या निर्मितीचाच एक भाग ठरतो.

समजा, जबलपूरमधील एक मराठी विद्यार्थिनी अशा एखाद्या आज्ञावलीत भेडाघाटाविषयी निबंध लिहीत आहे. तिने ‘नर्मदेकाठच्या दऱ्या’ असे टंकित केले. पडद्यावर मात्र ‘दर्या’ उमटले. दरीचा समुद्र झाला! ‘र’चे हे अर्धे रूप मराठीला आवश्यक आहे, हिंदीत ते वापरले जात नाही. त्यामुळे केवळ हिंदी मजकुरावर चाचणी घेणाऱ्यास हा दोष जाणवणार नाही. मराठी लिहिणाऱ्यानेच तो दाखवून द्यावा लागेल.

अहवालापूर्वी स्वतःची खात्री करावी. युनिकोड संकेतप्रणालीत या शब्दासाठी सामान्यतः नुक्त्याचा ‘ऱ’ टंकित करावा लागतो. साधा ‘र’ टंकित झाला असेल, तर चूक आज्ञावलीची नव्हे. त्यानंतर नवीनतम आवृत्ती वापरून पाहावी, तसेच दुसरा फॉन्ट निवडावा. फॉन्ट बदलताच अक्षर सुधारले, तर दोष बहुधा त्या फॉन्टमध्ये असतो व तो फॉन्टकर्त्यांना कळवणे योग्य. हाच दोष पूर्वी कोणी नोंदवला आहे काय, हेही शोधावे.

‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्या तक्रारीचा उपयोग होत नाही; कारण दुरुस्ती करणाऱ्यासमोर तो संगणक नसतो आणि कदाचित त्याला मराठीही येत नसते. म्हणून अहवालात कृतींचा क्रम द्यावा: नवी फाइल उघडली, अमुक फॉन्ट निवडला, ‘द, ऱ, हलन्त, य, काना’ या क्रमाने कळा दाबल्या. मग काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय दिसले, हे वेगवेगळे लिहावे. आज्ञावलीची आवृत्ती, संगणकाची कार्यप्रणाली, पडद्याचे चित्र आणि छोटी नमुना फाइल जोडावी. एका अहवालात एकच दोष मांडावा. कारणाविषयीचा तर्क तर्क म्हणूनच नोंदवावा. मात्र दोषामुळे इतरांची खासगी माहिती उघड होत असेल, तर तो जाहीरपणे न मांडता सुरक्षेची जबाबदारी असणाऱ्यांनाच कळवावा.

अहवाल पाठवल्यावर काम संपत नाही. विचारलेल्या शंकांना उत्तर द्यावे व दुरुस्त आवृत्ती पुन्हा तपासावी. हार्फबझ हा अक्षरजुळणीचा मुक्तस्रोत संच फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड या तिन्हींत वापरला जातो. दोष अशा सामाईक संचात असेल, तर जबलपुरातून गेलेल्या एका नेमक्या अहवालामुळे असंख्य पडद्यांवरील मराठी शुद्ध होऊ शकते.