वीकेंडचं भाडं, बाबांचा टॅक्स

बाबांचा लोणावळ्याचा फ्लॅट वीकेंडला पाहुण्यांना द्यायची आयडिया माझी. वर्षाचे १,२०,००० रुपये थेट माझ्या खात्यात. फुल ऐश! परवा सीएने विचारलं, ‘‘फ्लॅट कुणाच्या नावावर?’’ झालं! पैसे मी उडवले तरी उत्पन्न मालकाचं, म्हणजे बाबांच्याच रिटर्नमध्ये दाखवायचं. जन्मात एक रुपया न लपवलेल्या बाबांच्या! मी गारच.

हिशेब सोपा आहे. भरलेली घरपट्टी ६,००० वजा, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट, करपात्र ७९,८००. साफसफाई, वाय-फायचा खर्च वेगळा मिळत नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पापासून हे भाडं धंद्यात दाखवायची वाटही बंद.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. चष्मा पुसत म्हणाले, ‘‘रिटर्न मी भरतो. टॅक्स तू भर.’’

तेव्हा मंडळी, पाहुण्यांना किल्ली देण्याआधी घराचे कागद बघा!