बहिणीची दौलत, भावाचा वक्फ आणि कुणाच्या तरी मुलाची फी

रमजान आला की मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग, म्हणजे लाखामागे 2500 रुपये, गरजूंचा हक्क म्हणून बाजूला काढायचे. त्यातून धान्य जाते, कपडे जातात, औषधे जातात. अलीकडे अनेक कुटुंबे त्यातला एखादा हिस्सा ओळखीतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठी ठेवतात. ना संस्था, ना पावती-पुस्तक. घरातल्या चार माणसांनी ठरवायचे आणि द्यायचे.

कुटुंबातल्या पैशाने किती लांबचा पल्ला गाठावा, याचे एक उदाहरण बंगालमधल्या हुगळीत आहे. हाजी मुहम्मद मोहसीन यांचा जन्म तिथला, 1732 चा. तरुणपणी ते घर सोडून निघाले. इराण, इराक, अरबस्तान असे करत आयुष्याची कितीतरी वर्षे प्रवासात घालवली. त्यांची सावत्र बहीण मन्नूजान खानम हिला वडिलांकडून आणि पतीकडून मोठी जमीनदारी मिळाली होती. ती विधवा, मूलबाळ नाही. 1803 मध्ये ती वारली आणि सगळी मालमत्ता भावाकडे आली. भाऊही अविवाहित, वयाची सत्तरी ओलांडलेला, राहणी फकिराची. 1806 मध्ये त्यांनी ती सारी वक्फ केली, म्हणजे कायमची अल्लाहच्या नावे लोकांसाठी सोडून दिली. उत्पन्नाचे नऊ हिस्से पाडले : तीन धार्मिक कार्याला, चार निवृत्तिवेतन, मदत आणि दानधर्माला, दोन व्यवस्था पाहणाऱ्या मुतवल्लींना. या कथेत नाव भावाचे झाले. दौलत मात्र बहिणीची होती, हे सहसा सांगितले जात नाही.

1812 मध्ये मोहसीन गेले आणि पुढे जे घडले ते दान देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने वाचावे असे आहे. मुतवल्लींनी पैसा नीट राखला नाही. सरकारने कारभार हाती घेतला, खटला थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तोवर साठलेल्या रकमेतून 1836 मध्ये हुगळीत कॉलेज निघाले. वक्फनाम्यात इंग्रजी कॉलेजचा उल्लेखही नव्हता. तिथे शिकायला आले ते बहुतांशी हिंदू विद्यार्थी. त्यांतच एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय, ‘वंदे मातरम्’चे कवी! एका हाजींच्या दौलतीवर उभ्या राहिलेल्या वर्गात ते शिकले, ही गोष्ट आजच्या वादविवादात कुणी आठवत नाही. इंग्रजी कायद्याचे आणि इस्लामचे अभ्यासक सय्यद अमीर अली हेही हुगळीचेच विद्यार्थी.

पण मुसलमानांची तक्रारही खोटी नव्हती. पैसा त्यांच्यातल्या गरजूंसाठी ठेवलेला आणि त्यांची मुले वर्गात जवळपास नाहीत. 1871 मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पुस्तकात हे उघडपणे मांडले. 1873 मध्ये सरकारने निधीचा मार्ग बदलला. ढाका, चितगाव इथे मदरसे निघाले आणि शाळा-कॉलेजांतल्या मुस्लिम विद्यार्थ्यांची दोन तृतीयांश फी या निधीतून भरली जाऊ लागली. उरलेली एक तृतीयांश घरच्यांनी भरायची. ही योजना कुणी आखली असेल ती असो, माणसाचा मान तिने राखला.

मान राखण्याचा दुसरा मार्ग मुंबईत सापडला होता. 1892 मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी सुरू केला. फुकट द्यायचे नाही, कर्ज द्यायचे. शिकून, कमावून परत करायचे, की तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याला जाईल. इस्लाममध्ये कर्ज-ए-हसना म्हणून बिनव्याजी उसनवारीची जी कल्पना आहे, तिच्याशी हे हुबेहूब जुळत नाही. पण नाते जवळचे आहे. घेणारा याचक राहत नाही, देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. या निधीच्या अगदी सुरुवातीच्या लाभार्थींत डॉक्टर होणाऱ्या दोन स्त्रिया होत्या, त्यांतल्या एक कृष्णाबाई केळवकर, ज्यांनी पुढे कोल्हापुरात रुग्णसेवा केली. नंतरच्या काळात केरळातल्या गरीब दलित घरातले के. आर. नारायणन याच मदतीने लंडनला शिकले आणि राष्ट्रपती झाले. कोल्हापूरचेच जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही या शिष्यवृत्तीवर.

मुंबईतच जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज आहे. जहाज व्यवसायातल्या सर मोहम्मद युसुफ यांनी वडिलांच्या नावे 8 लाख रुपये दिले, 1930 मध्ये ते सुरू झाले. पुढच्या कित्येक पिढ्यांनी, सर्व जातिधर्मांच्या, तिथे पदवी घेतली.

एवढ्या मोठ्या रकमा सगळ्यांकडे नसतात. मात्र घरगुती मदतीतही काही गोष्टी पाहाव्या लागतात. जकातीची रक्कम घेणाऱ्याच्या मालकीची व्हावी, असे बहुतेक उलेमा मानतात. म्हणून ती विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या हाती देऊन त्यांनी फी भरावी, हे बरे. आपल्या घरच्या मुलांना, नातवंडांना जकात चालत नाही. भाचा-पुतण्या गरजू असेल तर चालते. आणि वेळेचे गणित वेगळेच. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. शाळा-कॉलेजांचे प्रवेश मात्र जून-जुलैतच होतात. ईदच्या आधी दिलेली रक्कम जूनपर्यंत गरिबाच्या घरात टिकेलच असे नाही; घरात आजारपण येते, भाडे थकते. अशा वेळी काही कुटुंबे जकात रमजानमध्ये मोजतात आणि फीचा हिस्सा वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. लिफाफ्यावर नाव मुलाचे, खाली प्रवेशाची तारीख.