बचावाच्या फळींतील लिलियाँ थुराम

ज्या घरांत रोजचें काम वेळच्या वेळीं होतें, तेथें तें करणाऱ्या व्यक्तीकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. चहाला उशीर झाला म्हणजे मात्र सर्वांना तिची आठवण होते. फुटबॉलच्या मैदानावर बचावाच्या खेळाडूची स्थिति अशीच असते. गोल करणाऱ्याचें नांव वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत छापून येतें. न झालेल्या गोलांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. फ्रान्सच्या लिलियाँ थुरामनें हें काम सुमारें अठरा वर्षें केलें. देशाकडून तो १४२ सामने खेळला, आणि त्यांत त्याचे गोल अवघे दोन.

थुरामचा जन्म १९७२ सालचा, वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप ह्या फ्रेंच बेटावरचा. पांच मुलें एकट्या आईच्या पदरीं. ती कामासाठीं आधीं पॅरिसकडे गेली आणि १९८१ मध्यें तिनें मुलांना बोलावून घेतलें. तेथल्या शाळेंत कांहीं मुलें नऊ वर्षांच्या लिलियाँला एका चित्रमालिकेंतील मूर्ख काळ्या गाईच्या नांवानें हांक मारीत. त्यानें आईला कारण विचारलें. लोक असेच असतात, तें बदलायचें नाहीं, असें ती म्हणाली. बिचारीला दुसरें काय सांगतां येणार! परंतु मुलाचें समाधान झालें नाहीं.

आर्सेन वेंगर ह्या शिक्षकाच्या हाताखालीं तो मोनॅकोच्या संघांत तयार झाला. १९९६ मध्यें तो इटलींतील पार्मा येथें गेला. बुफॉन गोलरक्षक आणि पुढें कान्नाव्हारो व थुराम, अशी ती फळी होती. १९९९ मध्यें ह्या संघानें युएफा चषक व इटलीचा चषक हे दोन्ही जिंकले.

त्याचे ते दोन गोल एकाच सामन्यांतले. दिनांक ८ जुलै १९९८, विश्वचषकाची उपांत्य फेरी, प्रतिस्पर्धी क्रोएशिया. मध्यंतरानंतर लगेच शुकेरनें फ्रान्सवर गोल केला. ह्यांत चूक थुरामची होती. सहकाऱ्यांबरोबर पुढें न सरकतां तो मागें रेंगाळला, म्हणून शुकेर नियमांत राहिला. दुसरा एखादा खचला असता. थुरामनें मिनिटाभरांत चेंडू हिसकावला, सहकाऱ्याकडे देऊन परत घेतला आणि बरोबरी साधली. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास डाव्या पायानें दुसरा गोल मारून तो गुडघे टेकून, ओठांवर बोट ठेवून, विचारांत पडल्यासारखा बसून राहिला. चार दिवसांनीं फ्रान्स जगज्जेता झाला.

२००१ मध्यें तो व बुफॉन दोघेही तुरीनच्या युव्हेंटसमध्यें गेले. तेथें २००२ व २००३ चीं अजिंक्यपदें मिळालीं. पुढचीं दोन मात्र पंचांच्या नेमणुकींत पदाधिकाऱ्यांनीं केलेल्या ढवळाढवळीमुळें २००६ मध्यें काढून घेण्यांत आलीं व संघ खालच्या वर्गांत ढकलला गेला. मागच्या फळीनें राखलें तें कचेरींत बसलेल्यांनीं घालविलें! थुराम बार्सिलोनास गेला.

२००८ च्या उन्हाळ्यांत पॅरिसच्या एका संघांत जाण्याचें त्याचें ठरत होतें. करारापूर्वीच्या वैद्यकीय तपासणींत त्याच्या हृदयांत दोष आढळला. त्याचा भाऊ बास्केटबॉल खेळतांना मैदानावरच मरण पावला होता, आणि तोही हृदयाच्या अशाच विकारानें. थुराम छत्तीस वर्षांचा होता. अंगांत खेळ शिल्लक होता. आणखी एखादा हंगाम काढूं, असें म्हणण्याचा मोह कोणास झाला नसता? त्यानें खेळ थांबविला. ज्या स्त्रीनें पांच मुलें एकटीनें वाढविलीं, तिच्यावर दुसऱ्यांदा तसा प्रसंग आला नाहीं.

त्याच वर्षीं त्यानें वर्णद्वेषाविरुद्ध शिक्षण देणारी संस्था काढली. तेव्हांपासून शाळाशाळांतून जाऊन तो मुलांना सांगूं लागला कीं हा द्वेष कोणी जन्मतः आणीत नाहीं, तो शिकविला जातो. आईला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यानें असें स्वतःच शोधलें.

त्याचे दोन्ही मुलगे फुटबॉलपटू झाले. थोरला मार्कुस २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत फ्रान्सकडून खेळला. तो आघाडीचा खेळाडू. त्याचें काम गोल करण्याचें.