वेग उतरवतो तो रस्ता

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी सुटली की टॉवेल-चादरींच्या कारखान्यांतले कामगार पायी, सायकलवर बाहेर पडतात; शेजारूनच मालाचे ट्रक जातात. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेग असेल, तर तडाखा जवळपास पावणेतीन पट!

नुसत्या पाटीने वेग उतरत नाही, रस्त्याच्या आखणीने उतरतो. क्रॉसिंग पदपथाच्या पातळीपर्यंत उचलले की चालकाला ब्रेक दाबावाच लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. उंच पदपथ टाळून माणसे खालूनच चालतात. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर असे रुंद पदपथ झाले. कामगारांच्या वाटेवरही ते व्हायलाच हवेत.