गाडीचे स्पीकर बदलताना

कंपनीतून गाडीसोबत येणारे स्पीकर बहुधा कागदी शंकूचे, लहान चुंबकाचे आणि प्लास्टिकच्या सांगाड्याचे असतात. काही पावसाळे गेले की कागद ओल धरतो, शंकूभोवतीची कडा सैल पडते आणि आवाज फाटू लागतो. माथेरानच्या पायथ्याला वसलेल्या नेरळमध्ये जून ते सप्टेंबर हवेतली ओल हटत नाही, त्यामुळे तिथे शंकूचे साहित्य पाहून घेणे महत्त्वाचे: पॉलिप्रॉपिलीनचा शंकू आणि रबरी कडा कागद व फोमपेक्षा जास्त टिकते.

गिऱ्हाईक मात्र आधी खोक्यावरचे वॅट पाहते, आणि फसगत तिथेच होते. मोठ्या अक्षरांत छापलेला ३०० किंवा ४०० हा आकडा क्षणभर सोसता येणाऱ्या शक्तीचा असतो. सलग सोसण्याची शक्ती आरएमएस या नावाने बारीक अक्षरांत दिलेली असते आणि ती त्याहून कितीतरी कमी असते. डॅशबोर्डवरच्या सिस्टीमचेही तेच. तिच्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेले असते. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टचा वर्ग करून त्याला ४ ओहमने भागले की सुमारे ५२ वॅट येतात; पण ही शक्ती आवाज पुरता फाटल्यावरची असते. स्वच्छ आवाजासाठी प्रत्येक स्पीकरला जेमतेम १५ ते २० वॅट मिळतात. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा नसेल, तर १०० वॅट आरएमएसचा स्पीकर घेऊन काहीच साधत नाही.

अशा वेळी पाहायची ती संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीत स्पीकर एक मीटरवर किती डेसिबल आवाज देतो ते. ३ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत दुपटीचा फरक: ९१ डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये जितका वाजतो, तितके वाजायला ८८ डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट लागतात. इथे एक बारकावा आहे. काही कंपन्या १ वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजमाप देतात. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टवर २ वॅट मिळतात आणि आकडा ३ डेसिबलने फुगतो. तुलना एकाच मापावर करावी.

नेरळहून माथेरानच्या दस्तुरीकडे घाट चढताना गाडी खालच्या गिअरमध्ये असते. इंजिन आणि टायरची घरघर मुख्यतः खालच्या सुरांची असल्याने गाण्यातला ठेका तिच्यात बुडतो. चालक आवाज वाढवतो, सिस्टीमची ताकद संपते आणि गाणे फाटते. संवेदनशील स्पीकर असले तर ती वेळ उशिरा येते.

ओहमचा मेळही हवा. बहुतेक गाड्यांत ४ ओहमचे स्पीकर असतात. मल्टिमीटरवर ते साधारण साडेतीन ओहम दाखवतात. ४ ओहमसाठी बनलेल्या सिस्टीमला २ ओहमचे स्पीकर जोडले तर ती तापते.

आकार पुष्कळ गाड्यांत साडेसहा इंची असतो, पण खोली मोजल्याशिवाय खरेदी करू नये. काच पूर्ण खाली केल्यावर ती चुंबकाला घासता कामा नये. एकाच चौकटीत ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, असलेले कोअ‍ॅक्शियल बसवायला सोपे. ट्वीटर वेगळा असलेले कंपोनंट महाग, पण त्यांचा आवाज समोरून येतो. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर दोन्ही मिळतात.

बसवताना मूळ वायर कापू नये. गाडीच्या मॉडेलनुसार तयार कप्लर मिळतो. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोकळीत उतरतच असते आणि खालच्या भोकांतून निघून जाते. पॅनलमागचा प्लास्टिकचा पडदा हे पाणी आत येऊ देत नाही. तो फाडून ठेवला तर पहिल्याच पावसात पाणी पॅनल आणि वायरिंगपर्यंत पोहोचते. म्हणून पडदा पुन्हा नीट चिकटवावा आणि ती भोके मोकळी ठेवावीत. शेवटी दोन्ही बाजूंची धन-ऋण टोके तपासावीत. एका दारात ती उलटी जोडली गेली तर दोन शंकू परस्परविरुद्ध हलतात आणि खालचे सूर एकमेकांना खोडतात. वायर जोडण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा: सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला टेकवल्यावर शंकू बाहेर यायला हवा.